शून्य शुक्राणूंचा अहवाल: मायक्रो-टेसे ठरवण्याआधी काय काय उरकून घ्यावं?

वाट_दोघांची (प्रश्न)

नमस्कार. नवऱ्याचं वय 34, माझं 32. त्याच्या वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आले आहेत. अहवाल असे:

वीर्य 2.6 मिली, पीएच 7.8, फ्रुक्टोज आहे, शुक्राणू नाहीत. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेच आलं. एफएसएच 19.4, एलएच 9.1 (वृषणांना कामाला लावणारी मेंदूकडून येणारी हार्मोन्स), टेस्टोस्टेरॉन 285 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर (रक्त दुपारी चारला दिलं होतं), प्रोलॅक्टिन नॉर्मल. सोनोग्राफीत दोन्ही वृषणं 8-9 मिलीची, डावीकडे व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा), पण ते फक्त डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) दिसतंय, हाताला लागत नाही. माझी पाळी नियमित, एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) 2.3, नळ्या मोकळ्या.

डॉक्टरांनी पुढच्याच पाळीत मायक्रो-टेसे (वृषण उघडून मायक्रोस्कोपखाली शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया) आणि इक्सी (प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू स्त्रीबीजात सुईने सोडणं) एकत्र करू असं सुचवलंय. जनुकीय तपासण्या 'नंतर बघू' म्हणाले. मला विचारायचंय ते असं: शस्त्रक्रियेआधी कोणत्या तपासण्या व्हायलाच हव्यात? एफएसएच इतकं वर असताना शुक्राणू सापडायची आशा धरावी का? माझी इंजेक्शनं सुरू करून सगळं एकाच वेळी करावं, की आधी त्याची शस्त्रक्रिया, शुक्राणू मिळाले तर फ्रीज, आणि मग माझं? आणखी एक. अहवाल आल्यापासून तो या विषयावर बोलतच नाही, आणि घरचे दोष माझ्यातच आहे असं धरून चाललेत. हे कसं हाताळतात?

काचपट्टी

प्रयोगशाळेच्या बाजूचं सांगते.

तिथे आधी एवढंच विचारा: सॅम्पल सेंट्रीफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) तळाचा गाळ बघितला होता का? वीर्याचा नुसता एक थेंब काचपट्टीवर घेऊन बघितला, तर अगदी थोडे शुक्राणू असतील ते नजरेतून सुटतात. शून्य म्हणायचं तर वीर्य 3000 जी इतक्या बलाने 15 मिनिटं फिरवायचं, वरचा द्रव काढून टाकायचा आणि उरलेला गाळ नीट, सावकाश शोधायचा. अहवालात 'गाळातही शुक्राणू आढळले नाहीत' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ते वाक्य नसेल तर तिसरं सॅम्पल द्या. गाळात दोन-चार जरी सापडले तरी पुढचा सगळा रस्ता बदलतो, कारण इक्सीला एका स्त्रीबीजामागे एकच जिवंत शुक्राणू लागतो. त्यामुळे सॅम्पल देतानाच सांगून ठेवा: 'सापडले तर फ्रीज करायचेत.' जोरात फिरवल्यावर शुक्राणूंची चाल जाऊ शकते, म्हणून फ्रीज करायच्या सॅम्पलवर प्रयोगशाळा वेगळ्या पद्धतीने काम करते. हे त्यांना आधी माहीत असलं पाहिजे.

सॅम्पल देताना आधीचं अंतर किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवसांचं. डबी प्रयोगशाळेनेच दिलेली, रुंद तोंडाची. थुंकी, तेल, जेल काही वापरायचं नाही, साधा काँडोमही नाही, त्यातली रसायनं शुक्राणू मारतात. पहिल्या उसळीतलाच भाग सर्वांत महत्त्वाचा असतो, तो डबीबाहेर गेला तर लाज न बाळगता फॉर्मवर लिहा. घरून आणणार असाल तर डबी कपड्याच्या आत अंगाजवळ ठेवायची आणि तासाच्या आत पोहोचवायची, शक्यतो अर्ध्या तासात. गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही सांगा. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात आणि बाहेर यायला आणखी काही दिवस, त्यामुळे आजच्या सॅम्पलमध्ये अडीच-तीन महिन्यांपूर्वीची प्रकृती दिसते.

तुमच्या आकड्यांतून एक गोष्ट नक्की कळते. वीर्य 1.4 मिलीपेक्षा कमी, पीएच 7.2 च्या खाली आणि फ्रुक्टोज नाही, असं असतं तर स्खलननलिका बंद असल्याचा किंवा शुक्रवाहिन्या जन्मतःच नसल्याचा संशय आला असता. तुमच्या अहवालात यातलं काहीच नाही.

अँड्रो_यूरो

वरच्या प्रतिसादाला धरून पुढे लिहितो.

एफएसएच वाढलेलं आणि वृषणं लहान, या जोडीवरून अडथळा कुठे नाही, निर्मितीच कमी आहे असं दिसतं. (उलट बाजूने फसगत होते: एफएसएच आणि आकार दोन्ही नॉर्मल असले तरी निर्मिती अर्ध्यावर थांबलेली असू शकते. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.) पण 19 म्हणजे आशा संपली, असं अजिबात नाही. एफएसएच हा पूर्ण वृषणाचा सरासरी निरोप असतो. मायक्रो-टेसेत आपण शोधत असतो तो एखादा चालू असलेला कोपरा, आणि असा कोपरा आहे की नाही हे एफएसएचच्या आकड्यावरून कळत नाही. आकारावरूनही भरवशाने कळत नाही. निर्मितीचा दोष असलेल्या पुरुषांत मायक्रो-टेसेने शुक्राणू सापडण्याचं प्रमाण साधारण 40 ते 50 टक्के धरतात. मात्र हे शुक्राणू सापडण्याचं प्रमाण आहे. मूल हातात येण्याचं प्रमाण त्याहून बरंच कमी असतं, कारण पुढे फलन, भ्रूण, रुजणं असे टप्पे उरतात. दवाखान्यात आकडा सांगितला तर 'हा कोणत्या टप्प्याचा?' असं विचारत जा.

जनुकीय तपासणी 'नंतर' या गोष्टीशी मी सहमत नाही. ती आधीच व्हायला हवी, आणि माझ्या मते तिचा अहवाल येईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीखच घेऊ नये. दोन चाचण्या, दोन्ही रक्तातून: कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची संख्या आणि रचना बघणं) आणि वाय गुणसूत्रातल्या सूक्ष्म तुटीची चाचणी. कॅरिओटाइपमध्ये 47,एक्सएक्सवाय म्हणजे क्लाइनफेल्टर (एक एक्स गुणसूत्र जास्त असणं) निघालं तरी शस्त्रक्रियेला अर्थ असतो, त्यातही निम्म्याच्या आसपास लोकांत शुक्राणू सापडतात. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल निघाली तर वारंवार गर्भपाताचा धोका आधी समजावून घ्यावा लागतो. वायवरच्या तुटीत जागेला महत्त्व आहे. शुक्राणूनिर्मितीशी संबंधित त्या जागांना एझेडएफ-ए, बी आणि सी म्हणतात. एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा भाग पूर्ण गेलेला असेल तर शुक्राणू मिळण्याची शक्यता जवळपास नसतेच आणि वृषण उघडू नये. म्हणजे रक्ताच्या एका चाचणीने एक मोठी शस्त्रक्रिया आणि तुमची सगळी इंजेक्शनं वाचू शकतात. 'नंतर' करून ती वाचणार नाहीत.

टेस्टोस्टेरॉन दुपारी चारला घेतलंय, ते पुन्हा करा. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी. दिवसभरात ते उतरत जातं. त्याच रक्तातून इस्ट्राडायॉलही मागा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, काही यंत्रांवर त्या हार्मोनचे आकडे चुकवतात. सकाळचंही कमी आलं तर शस्त्रक्रियेआधी काही महिने क्लोमिफेन, अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एचसीजी (शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढवणारी औषधं) देण्याची पद्धत आहे. त्याने शुक्राणू सापडण्याचं प्रमाण वाढतंच, असा ठाम पुरावा नाही, पण देण्यामागे कारण आहे. एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: बाहेरून टेस्टोस्टेरॉन. इंजेक्शन, जेल, जिममधली 'ताकदीची' औषधं, काहीही. बाहेरून मिळायला लागलं की मेंदू एलएच आणि एफएसएच बंद करतो आणि वृषणात उरलीसुरली निर्मितीही थांबते. आधी कधी घेतलं असेल तर नवऱ्याने डॉक्टरांना एकट्याने का होईना, पण खरं सांगावं.

फक्त डॉपलरवर दिसणाऱ्या व्हेरिकोसीलची शस्त्रक्रिया करू नका. हाताला लागणारं असेल तरच त्याचा विचार होतो. आणि लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं का, गालगुंडात वृषण सुजलं होतं का, केमोथेरपी झाली होती का, हे तीन प्रश्न कोणी विचारले नसतील तर स्वतःहून सांगा. वृषणाची हाताने नीट तपासणीही झालेली हवी. वीर्यदोष असलेल्या पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, म्हणून गाठ लागते का हे बघणं मुलाच्या प्रश्नापलीकडेही गरजेचं आहे.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. पूर्ण भूल, दोन ते चार तास, कधी जास्त. वृषण मध्यावर आडवं उघडतात आणि मायक्रोस्कोपखाली 15 ते 25 पट मोठं करून आतल्या नलिका बघतात. रिकाम्या नलिका बारीक, पारदर्शक दिसतात. ज्यात काम चालू आहे त्या थोड्या जाड, पांढरट, भरलेल्या दोऱ्यासारख्या. तेवढेच कण उचलून शेजारी बसलेल्या एम्ब्रिऑलॉजिस्टकडे (भ्रूणतज्ज्ञाकडे) देतात, ती ते फोडून तिथल्या तिथे बघते. एका बाजूला मिळालं तर दुसरी उघडायची गरज पडत नाही. विचारून घ्या: एम्ब्रिऑलॉजिस्ट त्याच खोलीत असणार का? एक तुकडा पॅथॉलॉजीला जाणार का? तो साध्या फॉर्मलिनमध्ये टाकला तर वृषणाची रचना आक्रसते, बुइन्स द्रावणात पाठवतात. त्या अहवालाचा उपयोग पुढे होतो: निर्मिती नुसती कमी आहे, मधेच थांबते, की फक्त सर्टोली पेशीच (शुक्राणूंना आधार देणाऱ्या पेशी) आहेत, यावर दुसऱ्या प्रयत्नाला किती अर्थ आहे ते ठरतं. दुसरा प्रयत्न करायचाच तर किमान सहा महिन्यांनी.

सुईने आंधळेपणाने काढण्याची पद्धत अडथळ्याच्या रुग्णात चांगली चालते. तुमच्या प्रकारात नाही. 'आधी सुईने बघू' असं कोणी म्हणालं तर मी टाळलं असतं.

नंतरची काळजी: आधार देणारी घट्ट चड्डी, पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं, मधे विश्रांती. दोन आठवडे जड उचलणं, धावणं, संबंध बंद. सूज तासातासाला वाढत असेल, ताप 38 अंशांच्या वर गेला, किंवा टाक्यांतून पू आला तर फोनवर विचारत बसू नका, थेट जा. शस्त्रक्रियेनंतर काही महिने टेस्टोस्टेरॉन खाली जातं आणि बहुतेकांत वर्ष-दीड वर्षात सावरतं, त्यामुळे तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. गळून गेल्यासारखं वाटणं, इच्छा कमी होणं याला तेही कारण असतं, फक्त 'मनाचं' म्हणून सोडून देऊ नका.

भ्रूणशाळा

फ्रेश की फ्रीज, याचं उत्तर देते.

फ्रेश म्हणजे तुमची इंजेक्शनं आठ ते बारा दिवस, मग ट्रिगर (स्त्रीबीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन), त्यानंतर 34 ते 36 तासांनी स्त्रीबीजं काढणं, आणि त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी नवऱ्याची शस्त्रक्रिया. फायदा हा की सापडलेल्या मोजक्या शुक्राणूंवर गोठवण्याचा ताण येत नाही. वृषणातले शुक्राणू आधीच अशक्त, कधी 10-20 च मिळतात, आणि वितळवताना त्यातले काही मरतात. तोटा उघड आहे. काहीच सापडलं नाही तर तुमची सगळी इंजेक्शनं, भूल आणि जोखीम होऊन गेलेली असते.

तुमचं वय 32 आणि एएमएच 2.3 बघता वेळेची घाई नाही. माझं मत: आधी नवऱ्याची शस्त्रक्रिया, सापडलं तर फ्रीज, मग तुमचं. अट एकच, त्या प्रयोगशाळेला अगदी थोडे शुक्राणू गोठवण्याचा सराव हवा. 'एकेक शुक्राणू मोजून ठेवण्याची सोय आहे का, आणि वितळवल्यावर तुमच्याकडे किती वाचतात?' हे सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर फ्रेश करा, नाहीतर प्रयोगशाळा बदला. वय 38-39 किंवा एएमएच फार कमी असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

फ्रेशच ठरलं तर स्त्रीबीजं काढायच्या दिवसासाठी आधीच लेखी उत्तर द्या: शुक्राणू मिळाले नाहीत तर स्त्रीबीजं गोठवायची, दात्याचे शुक्राणू वापरायचे, की थांबायचं? हे तुम्ही भुलीतून उठत असताना विचारलं जाता कामा नये.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी वीर्याचं आणखी एक सॅम्पल तपासायला सांगा. कधी शून्य, कधी दोन-तीन, असं होणारे पुरुष असतात. त्या सकाळी मिळाले तर वृषण उघडावंच लागत नाही.

वृषणातले शुक्राणू बऱ्याचदा हलत नाहीत. न हलणारा म्हणजे मेलेला नव्हे. काही तास उबेत ठेवल्यावर काही हलू लागतात, पेंटॉक्सिफायलिन या चाल वाढवणाऱ्या औषधाचा थेंब देऊन बघतात, किंवा पातळ द्रावणात शेपूट फुगते का यावरून जिवंत ओळखतात. हे त्यांच्याकडे होतं का ते विचारा. इक्सीनंतर 16-18 तासांनी फलन झालं का कळतं. या प्रकारच्या शुक्राणूंत फलन नेहमीपेक्षा कमी असतं, त्यामुळे दहा स्त्रीबीजांतून चार फलित झाली तर वाईट काही घडलं असं समजू नका. आणि इंजेक्शनांच्या काळात किंवा नंतर पोट ताणून फुगलं, वजन दिवसाला किलोने वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्रास पुरुषाच्या अहवालातला असला तरी हा धोका बाईच्या अंगावर येतो, तो दोघांनी मिळून माहीत करून घ्यावा.

दोन_खुर्च्या

समुपदेशनाच्या बाजूने थोडं.

नवरा गप्प आहे म्हणजे त्याला फरक पडत नाही, असं नसतं. बहुतेक पुरुष हा अहवाल पुरुषपणावरचा निकाल म्हणून वाचतात. टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि शुक्राणू बनवणाऱ्या नलिका वेगळ्या, ही साधी गोष्ट त्याला डॉक्टरांनी समोर बसवून सांगावी. बायकोने सांगितलं की ते सांत्वन वाटतं, डॉक्टरांनी सांगितलं की माहिती वाटते.

'बोल ना' म्हणून बोलणं येत नाही. त्यापेक्षा वेळ बांधून घ्या: आठवड्यातून दोनदा, 20 मिनिटं, फक्त हा विषय, आणि वेळ संपली की विषय मिटवायचा. एरवी तुम्ही सारखं विचारत राहता आणि तो टाळत राहतो, दोघंही थकता. पहिल्या बैठकीत भावना नको, काम वाटून घ्या. फायली, फोन, तारखा, पुढचे प्रश्न लिहून नेणं हे त्याच्याकडे द्या. तुमच्या अंगावर इंजेक्शनं येणार आहेत, कागद त्याने सांभाळले तर तोल राहतो आणि त्यालाही हातात काहीतरी येतं.

ओव्हुलेशनच्या पट्ट्या आणि तारखा बघून संबंध चालू असतील तर ते आज थांबवा. शुक्राणू नसताना तारखेला अर्थ नाही, उलट दर महिन्याची ती परीक्षा नातं कोरडं करते. अहवालानंतर काही महिने ताठरतेचा त्रास होणं खूप दिसतं, त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा. दवाखान्यात सॅम्पल देता येत नसेल तरी तेच.

घरच्यांसाठी दोघांनी मिळून एक वाक्य ठरवा आणि दोघांनी तेच वापरा: 'आमच्या दोघांचे उपचार चालू आहेत, सांगण्यासारखं झालं की आम्हीच सांगू.' त्यात कुणाचं नाव नाही, आणि खोटंही नाही. पण त्याच्या घरच्यांसमोर ते त्यानेच म्हणायचं. टोमणा तुमच्यावर येतो तेव्हा तो गप्प बसला तर ती जखम उपचारांहून जास्त काळ टिकते. त्याला हे शांतपणे, नेमक्या शब्दांत सांगा. त्याचं गुपित राखणं आणि तुमच्यावर आळ घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

शस्त्रक्रियेआधी 'नाही सापडलं तर' हे बोलून ठेवा. दात्याचे शुक्राणू, दत्तक, दोघांनीच राहणं, यातलं काहीही त्या दिवशी ठरवायचं नाही. फक्त प्रत्येकाने स्वतंत्रपणे कागदावर लिहायचं: कशाला तयार आहे, कशाला नाही, कशाचा अजून विचार नाही. मग कागद बदलून वाचायचे. दात्याबाबत एकाची ओढ आणि दुसऱ्याचा नाइलाज असेल तर थांबा. नाइलाजाने दिलेला होकार मूल आल्यावर बाहेर येतो. तो मार्ग घेतलात तर मुलाला लहानपणापासूनच त्याच्या वयाला झेपेल तसं सांगावं, उशिरा आणि अपघाताने कळणं सगळ्यांत वाईट. त्या दिवशी निकाल कोणी, कधी सांगायचा तेही ठरवा: रिकव्हरीत अर्धवट शुद्धीत नाही, दोघं एकत्र बसलेले असताना.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण सुटलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला, तर समुपदेशकाची तारीख इतर सगळ्या तारखांच्या आधी घ्या.

वाट_दोघांची

खूप आभार. प्रयोगशाळेला फोन केला, गाळ बघितला नव्हता. तिसरं सॅम्पल गाळासकट आणि फ्रीज करायची सूचना देऊन देतोय, सकाळचं टेस्टोस्टेरॉनही त्याच वेळी. जनुकीय चाचण्यांचं रक्त देऊनच तारीख घ्यायची असं ठरलं. हा धागा नवऱ्याने वाचला, आणि पुढचा प्रश्न त्याचाच आहे: एझेडएफ-सी निघालं तर?

अँड्रो_यूरो

त्यांनीच विचारलं हे चांगलं झालं.

एझेडएफ-सी ही त्यातल्या त्यात बरी तूट. निम्म्याच्या आसपास पुरुषांत वृषणात शुक्राणू मिळतात, काहींत तर वीर्यातही थोडे येतात. वीर्यात मिळाले तर वाट न बघता फ्रीज करा, काहींत ते वर्षागणिक घटत जातात. मुलगा झाला तर त्याला तोच वाय जाईल, म्हणजे पुढे त्यालाही हीच अडचण येऊ शकते. बाकी प्रकृतीवर त्याचा परिणाम अपेक्षित नाही. इक्सीआधी हे जनुकीय समुपदेशकाकडून दोघांनी समजून घ्यावं.

अहवाल वाचताना एक बघा. 'एझेडएफ-सी पूर्ण' आणि 'एझेडएफ-सी आंशिक' यात फरक आहे. आंशिक तूट नॉर्मल शुक्राणू असलेल्या पुरुषांतही आढळते, तिच्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही आणि शून्याचं कारण म्हणून तिच्याकडे बोट दाखवून तपास थांबवूही नये. अहवाल आला की नेमके शब्द इथे टाका, नाव-गाव झाकून.